आल्याचा चहा फाटतोय, आणि मसाला नक्की कधी टाकायचा?

इंदिरानगरची_सून
नमस्कार मंडळी, प्रश्न साधाच आहे, हसू नका. थंडी सुरू झाल्यापासून घरात सगळ्यांना आल्याचा मसाला चहा हवाय आणि माझा मधूनमधून फाटतो. म्हणजे अगदी नासत नाही पण वर बारीक कण दिसतात, गाळणीत पांढरा चोथा राहतो आणि चव पाणचट. दूध ताजं, पिशवी सकाळीच येते, पातेलं स्वच्छ. माझी पद्धत अशी की दूध पाणी एकत्र ठेवायचं, साखर आणि पावडर त्यातच, कोमट झालं की आलं किसून टाकायचं आणि वरून मसाला (दुकानातला तयार डबा). सासूबाई म्हणतात आलं जून आहे, नवरा म्हणतो दूधवाला पाणी मारतो, आता पिशवीतल्या दुधात कोण कधी पाणी मारणार पण असो.
दुसरं, कॉलेज रोडला जो कटिंग मिळतो तो दाट, तांबूस, कप हातात घेतल्या घेतल्या वेलचीचा वास. माझ्याकडे मसाला डबल टाकला तरी नुसता घशाला झोंबतो, वास काही येत नाही. टपरीवाले असं काय करतात?

पातेलंभर
ताई, दूधवाल्याला सोडा, दोष आल्याचाच आहे पण जून-कोवळ्याचा नाही, वेळेचा आहे. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातलं प्रोटीन तोडतं. दूध कोमट ते बऱ्यापैकी गरम असताना, म्हणजे साधारण ६०-७० डिग्रीच्या आसपास, ते जोरात काम करतं आणि तुम्ही बरोब्बर तेव्हाच किसलेलं आलं टाकताय. चीनमध्ये ग्वांगडाँगकडे तर याच गुणावर गोड पदार्थ करतात, आल्याच्या रसावर गरम दूध ओततात आणि ते खरवसासारखं घट्ट बसतं.
उकळीच्या उष्णतेत हे एन्झाइम मरतं. म्हणून आधण ठेवायचं, पाण्यातच आलं टाकून दोन-तीन मिनिटं खळखळ उकळू द्यायचं, दूध नंतर. दूध पण फ्रीजमधलं थंडगार ओतू नका, शेजारच्या गॅसवर गरम करून घाला, उकळी मोडत नाही. आणि किसण्यापेक्षा ठेचा, किसणीने धागे फार निघतात आणि गाळताना त्रास.
मसाल्याबद्दल दुसरं कोणीतरी सांगेल, माझ्या घरी मसाला चालत नाही.

भद्रकालीचा_भिडू
टपरीचं मी सांगतो, मामाची गाडी होती, लहानपणापासून तिथेच बसायचो. पहिली गोष्ट दूध. घरी बहुतेक जण टोन्ड घेतात त्यात फॅट ३ टक्के, आणि फुल क्रीममध्ये ६. अर्धा दाटपणा तिथेच गेला ना. मामाकडे गोठ्यावरचं म्हशीचं दूध यायचं. दुसरी गोष्ट पत्ती. टपरीवर मोठ्या दाण्याची पावडर कोणी वापरत नाही, डस्ट किंवा डस्ट मिक्स लागते, दाणा जितका बारीक तितका रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. आपला हा सगळा दाणेदार चहा सीटीसी, म्हणजे पानं रोलरमध्ये चिरडून फाडून वळवतात, ते मशीन आसाममध्ये १९३० च्या दशकात निघालं आणि त्याच्यामुळेच थोड्या पावडरमध्ये दुधाला पुरेल एवढा कडक चहा व्हायला लागला. दार्जिलिंगची महागडी पानं आणून दूध घालून उकळणारे लोक मी बघितलेत, पैसे गोदावरीत.
तिसरी गोष्ट उकळणं. टपरीवर चहा सारखा वर येतो, गॅस कमी, परत वर येतो, डावाने वरून ओततात. त्याने थोडं पाणी आटतं आणि दूध-पत्ती नीट एकजीव होतात. घरी दोनदा वर आणा, बास. दहा मिनिटं उकळत ठेवलात तर तुरट होणार, दूध घातलं की तुरटपणा थोडा दबतो कारण टॅनिन दुधाच्या प्रोटीनला धरतं, पण त्यालाही लिमिट आहे.
साखर मात्र टपरीवर भरपूर असते हे कोणी सांगत नाही. घरी तेवढी टाकलीत तर सासूबाई बोलतील.
आणि एखाद्या ठिकाणचा रंग जरा जास्तच लाल वाटला तर शंका घ्या. ओल्या पांढऱ्या फिल्टर पेपरवर चिमूटभर कोरडी पावडर पसरायची, लगेच रंगाचे डाग उतरले तर वरून रंग मारलाय. सुटी स्वस्त पावडर आणली की मी हे करूनच बघतो.

पंचवटीची_काकू
मसाल्याचं ऐक ग. तयार डबा उघडून महिनाभर गॅसशेजारी ठेवला की वास उडालेलाच असतो, उरतं ते मिऱ्याचं आणि सुंठीचं तिखट, म्हणून तुला झोंबतं. डबल टाकून काय होणार. घरी कर, थोडाच कर. माझं माप: वेलची २० ग्रॅम, सुंठ २० ग्रॅम, मिरे ८-१० ग्रॅम, लवंग ५ ग्रॅम, दालचिनीचे दोन बोटभर तुकडे, अर्धं जायफळ किसून. वेलची सालासकट. काही जणी बडीशेप घालतात, मला नाही आवडत, चहा मुखवासासारखा लागतो. भाजायचं वगैरे काही नाही, पावसाळ्यात दमट असेल तर पाच मिनिटं कोमट तव्यावर ठेव इतकंच. सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घे नाहीतर मिक्सरचं पातं जाईल. घट्ट झाकणाची काचेची बाटली, आणि चुलीपासून लांब. दोन कपाला पाव चमचा, जास्त नाही.
आता कधी टाकायचा. लवंग, दालचिनी, सुंठ यांना उकळी लागते, ती पाण्यात. वेलचीचा वास मात्र वाफेबरोबर निघून जातो. म्हणून मी मसाला आधणात टाकते आणि गॅस बंद करताना एक वेलदोडा ताजा ठेचून टाकते, झाकण ठेवते, दोन मिनिटं मुरू देते. तुझ्या कॉलेज रोडच्या कपात जो वास येतो ना तो बहुतेक शेवटी पडलेल्या वेलचीचा.
ताजं आलं घालणार असशील तर मसाल्यात सुंठ कमी कर, दोन्ही एकदम नको.

भद्रकालीचा_भिडू
काकू माप भारी आहे पण मिरे ८-१० जरा जास्त नाही का? मामा मिरे टाकायचाच नाही, म्हणायचा गिऱ्हाईक खोकतं.

पंचवटीची_काकू
तुझ्या मामाला दिवसभर चहा विकायचा होता रे. आम्हाला पहाटे निफाडकडून येणाऱ्या वाऱ्यात उठून प्यायचा असतो. जानेवारीत ये एकदा मग मिरे मोज.

इंदिरानगरची_सून
बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. आलं आधी पाण्यात, हे कळलं. काकू, मसाला रविवारी करते. गुळाचा चहा मी सोडूनच दिला होता पण सासऱ्यांना तोच हवाय, तो तर आलं न घालता पण फाटतो, त्याचं काय? आणि भांडी बाजारात पितळेचं पातेलं बघितलं, अमृततुल्यवाल्यांसारखं, घेऊ का?

पातेलंभर
गुळात आम्लपणा असतो, बनवताना राहिलेले क्षारही असतात, प्रत्येक ढेपेचं वेगळं. दुधात गूळ टाकून उकळलं की प्रोटीन आकसतं आणि फाटतं. म्हणून एखाद्या गुळाचा जमतो आणि पुढच्या ढेपेचा बिघडतो. उपाय दोन. एक, कोरा चहा गूळ घालून पूर्ण उकळून गाळून घ्या, कपात ओता, वरून वेगळं तापवलेलं दूध घाला आणि परत गॅसवर चढवू नका. दोन, नेहमीसारखा बिनसाखरेचा चहा करून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग गुळाची पावडर ढवळा. सासऱ्यांना उकळता चहा लागत असेल तर पहिला प्रकार, कप आधी गरम पाण्याने विसळून घ्यायचा.
पितळेचं घेणार असाल तर आतून कल्हई आहे का बघा, नसेल तर आधी करून घ्या, आणि गुळाचा चहा त्यात नकोच. खरं सांगायचं तर चवीत फरक मला तरी कळत नाही, जाड बुडाचं स्टील घ्या, करपत नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
उशिरा आलो धाग्यावर. गवती चहा कोणीच बोललं नाही?? बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर जुडी मिळते, नाहीतर कुंडीत लावा, काही करावं लागत नाही, फक्त पाणी. पात गाठ मारून आधणात टाकायची, आल्याबरोबर. पण ती घातली तर लवंग-दालचिनीचा मसाला नको, एकमेकांना मारतात. मसाला तरी घाला नाहीतर पात तरी.

भद्रकालीचा_भिडू
@सातपूर हे मात्र शंभर टक्के.
ताई एक राहिलं, २०२७ च्या सिंहस्थाला तुमच्याकडे पण पाहुण्यांची रांग लागणार, तेव्हा वीस कपाला सगळं वीसपट करू नका. पावडर आणि आलं कपाच्या हिशोबाने घ्या पण मसाला आधी निम्माच टाका, चाखा, मग वाढवा. मोठ्या पातेल्यात चहा गाळून होईपर्यंत मसाला उतरतच राहतो आणि शेवटच्या कपवाल्याला काढा मिळतो.