विरंजन की विघटन?

कापड रंगवण्याच्या कारखान्यांतील सांडपाण्यात उरलेले डाय, म्हणजे रंजक, अब्जांश (नॅनो) कण आणि प्रकाश यांच्या साहाय्याने नष्ट करण्याच्या प्रक्रियेस ‘प्रकाश-विरंजन’ म्हणावे का, असा प्रश्न आहे. म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विरंजन म्हणजे रंग घालवणे. आता रंग जाण्याच्या तऱ्हा आपल्या रोजच्या बोलण्यातही वेगवेगळ्या आहेत. नवी साडी पहिल्या धुण्यात रंग सोडते, तर दोरीवर उन्हात राहिलेल्या सदऱ्याचा रंग उडतो. साडीच्या बाबतीत रंजकाचा रेणू शाबूत राहून नुसता पाण्यात उतरतो. सदऱ्याच्या बाबतीत तो रेणूच मोडतो. सांडपाण्याच्या संदर्भात हा भेद फार महत्त्वाचा आहे. मिथिलीन ब्ल्यू, ग्लुकोज आणि थोडा कॉस्टिक सोडा घातलेली पाण्याची बाटली स्थिर ठेवली, की निळे पाणी काही वेळाने रंगहीन होते, आणि बूच लावून बाटली हलवली की पुन्हा निळे होते. येथे रंजकाचे केवळ क्षपण (रिडक्शन, म्हणजे रेणूला इलेक्ट्रॉन मिळणे) झालेले असते आणि हवेतील ऑक्सिजन त्याला पूर्ववत करतो. ॲझो रंजकांचे (नायट्रोजनच्या दुहेरी बंधाने जोडलेल्या रंजकांचे) तर केवळ क्षपण केल्यास रंग जातो, पण मागे ॲरोमॅटिक अमाइने राहतात, ज्यांतील काही कर्करोगकारक आहेत. असे स्वच्छ दिसणारे पाणी नदीत सोडणे धोक्याचे आहे, म्हणूनच शब्दाबद्दल मी इतका आग्रही आहे.

मग अपघटन, म्हणजे संयुगाचे घटक सुटे होणे, म्हणावे का? १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे झाल्याचे मांडले. तेथे अपघटन हा शब्द चपखल बसतो. रंजकाचे तसे होत नाही. प्रकाशामुळे उत्प्रेरकातील, म्हणजे त्या अब्जांश कणांतील, इलेक्ट्रॉन जागा सोडतो, त्या रिकाम्या जागेमुळे पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके (रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण) तयार होतात आणि ती रंजकाच्या मोठ्या रेणूचे टप्प्याटप्प्याने तुकडे करत जातात. यासाठी ‘विघटन’ योग्य वाटते, आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व साधी लवणे एवढेच उरेपर्यंत मजल गेली, तर ‘खनिजीकरण’.

‘रंगद्रव्याचे विघटन’ असेही लिहू नये. रंगद्रव्य ही न विरघळणारी पूड असते आणि येथे उत्प्रेरक असलेले टायटॅनियम डायऑक्साइड हे स्वतःच भिंतींच्या रंगात वापरले जाणारे पांढरे रंगद्रव्य आहे. त्यामुळे कोण कोणाला मोडते, हेच वाचकाला कळणार नाही. विरघळणाऱ्या डायसाठी ‘रंजक’ हा शब्द आहे.

‘फोटोकॅटॅलिस्ट’साठीचा ‘प्रकाशोत्प्रेरक’ हा संधी व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु प्रकाश हाच उत्प्रेरक असल्याचा भास त्यातून होतो. प्रकाश या क्रियेत खर्ची पडतो, उत्प्रेरक पडत नाही. म्हणून मी ‘प्रकाशसक्रिय उत्प्रेरक’ असे लिहितो.

आणखी एक शब्द जपून वापरावा लागतो, तो म्हणजे अधिशोषण. कण टाकल्यावर अंधारातही पाणी थोडे फिके होते, कारण रंजक कणांच्या पृष्ठभागाला चिकटतो. त्यासाठी दिवा लावण्यापूर्वी मिश्रण बहुधा अर्धा तास अंधारात ढवळतात, आणि तेवढ्या काळात कमी झालेला रंग विघटनाच्या हिशेबात धरत नाहीत.