किंग इन यलो : हा राजा नक्की आहे तरी कोण? (स्पॉयलर आहेत)

मध्यरात्रीचा_चहा :
मंडळी, ट्रू डिटेक्टिव्ह ह्या अमेरिकन मालिकेचा पहिला सीझन (२०१४ चा) मी आत्ता बघितला, हसू नका. त्यात ते कारकोसा नावाची गूढ जागा आणि यलो किंग ऐकून मूळ पुस्तक हुडकलं, रॉबर्ट चेंबर्सचं 'द किंग इन यलो', १८९५ चं, कॉपीराइट कधीच संपलाय त्यामुळे नेटवर फुकट मिळतं. दहा गोष्टी आहेत, चार वाचल्या आणि डोक्याचं पार भजं झालंय. गोष्टींमध्ये ह्याच नावाचं एक नाटक आहे, त्याचं पुस्तक वाचलं की माणूस वेडा होतो इथवर कळलं, पण तो राजा येतो कधी?? युट्यूबवर सगळे सांगतात की तो हस्तूर नावाचा, ऑक्टोपससारख्या सोंडा असलेला देव आहे, मला तर असलं काही दिसलं नाही. माझी पानं गळली का? आणि ते नाटक अख्खं कुठे मिळेल?

ओसरीवरचा_कंदील :
पानं नाही गळली रे. अख्खं नाटक नाहीच आहे, चेंबर्सने ते लिहिलंच नाही. नाटकातल्या कॅसिल्डा नावाच्या पात्राचं गाणं आणि दोन-तीन ओळींचे संवाद, संपलं. नंतर बऱ्याच जणांनी ते लिहून बघितलंय पण छापलेलं नाटक वाचून झाल्यावर आपण शहाणेच राहतो, तिथेच सगळी मजा जाते ना.

त्याची खरी ट्रिक बघ. पहिला अंक साधासुधा आहे, दुसऱ्यात घात. रिपेअरर ऑफ रेप्युटेशन्स ह्या गोष्टीतला हिल्ड्रेड पहिला अंक वाचून पुस्तक शेकोटीत फेकतो, ते जाळीवर आपटून खाली पडतं आणि उघडतं ते नेमकं दुसऱ्या अंकावर, सुरुवातीचे शब्द ओझरते दिसतात आणि हा पठ्ठ्या निखाऱ्यातून ओढून काढतो. म्हणजे पुस्तकाने काहीच केलं नाही, ह्यानेच हात घातला. मला तर राजापेक्षा तो हात जास्त भीतीदायक वाटतो.

आणि नाटकातला तो मुखवट्याचा प्रसंग आठव, सगळ्यांनी मुखवटे उतरवलेत, कॅमिला त्या अनोळखी पाहुण्याला म्हणते आता तुम्हीही उतरवा, तो म्हणतो मी मुखवटा घातलेलाच नाही. हाच राजा का, ते चेंबर्स सांगत नाही.

घुबड_पुणे३० :
हस्तूरचं मी सांगतो कारण ह्यावरून माझी भांडणं झालीत. ते नाव मुळात चेंबर्सचं नाहीच, कारकोसा, हाली, हस्तूर ही सगळी नावं त्याने अँब्रोज बिअर्स ह्या आधीच्या लेखकाकडून उचलली. बिअर्सचा हस्तूर म्हणजे मेंढपाळांचा देव, एकदम गरीब प्रकरण. चेंबर्सकडे तो कधी एखादी जागा वाटते, कधी नुसतं नाव, आणि पुढे द दमॉझेल दीस वाचशील तर तिथे ससाणे सांभाळणाऱ्या एका नोकराचं नाव हस्तूर आहे 😂 मग भयकथावाल्या लव्हक्राफ्टने १९२७ मध्ये पुस्तक वाचलं, त्याच्या एका कथेत हस्तूर आणि यलो साइनचा (पुस्तकातल्या त्या गूढ पिवळ्या चिन्हाचा) नुसता उल्लेख आला, आणि त्याच्या मागून ऑगस्ट डर्लेथ ह्या लेखकाने हस्तूरला राक्षसी देव करून टाकलं. राजा म्हणजेच हस्तूर हे त्याच्याही नंतरचं, गेमवाल्यांनी पक्कं केलेलं. युट्यूबवाले तेच पुस्तकातलं म्हणून खपवतात.

हळदीकुंकू_हॉरर :
मी एकदा गंमत म्हणून ह्यातली द यलो साइन ही गोष्ट मराठीत करायला घेतली होती, पुस्तकाच्या शीर्षकातच अडकले. 'पिवळा राजा' म्हटलं की कावीळ झालेला वाटतो, 'पीतांबरधारी' म्हटलं तर थेट विठोबा उभा राहतो कासे पीतांबर नेसून. आपल्याकडे पिवळं म्हणजे हळद, जेजुरीचा भंडारा, सगळं मंगल. तिकडे उलट, त्या काळात चावट फ्रेंच कादंबऱ्या पिवळ्या कव्हरात यायच्या आणि लंडनला १८९४ पासून यलो बुक नावाचं नियतकालिक गाजत होतं, चेंबर्स स्वतः पॅरिसला चित्रकला शिकलेला, त्यामुळे पिवळं पुस्तक म्हटल्यावर वाचकाच्या डोक्यात 'घरात लपवून ठेवायचं' हेच यायचं. हे मराठीत कसं आणणार? सोडून दिलं.

पण त्या गोष्टीतला चर्चचा वॉचमन मात्र कुठल्याही भाषेत चालेल. फुगलेला, पांढराफटक, प्रेतातल्या अळीसारखा चेहरा. थॉमस नावाचा पोऱ्या त्याला मारायला जातो, मनगट पिळतो आणि त्याचं एक बोट ह्याच्या हातात निघून येतं. शेवटी डॉक्टर सांगतो की हा माणूस मरून कित्येक महिने झाले असणार. राजा एवढासाच दिसतो, पण हा त्याचा माणूस घरापर्यंत येतो.

मध्यरात्रीचा_चहा :
ते बोट मी जेवताना वाचलं होतं, नको ती आठवण. त्याच गोष्टीतल्या टेसीला ती काळ्या दगडाची क्लिप रस्त्यात सापडते आणि त्यावरचं सोनेरी चिन्ह कुठल्याच लिपीतलं नसतं, ते मी दोनदा वाचलं. बरं, उरलेल्या सहा वाचू का?

ओसरीवरचा_कंदील :
दमॉझेल दीस नक्की वाच, भुताची आहे आणि सुंदर आहे. बाकी बहुतेक पॅरिसमधले चित्रकार आणि त्यांची प्रेमप्रकरणं, नाटकाचा पत्ता नाही. राजाच्या आशेने वाचशील तर वैतागशील.

हळदीकुंकू_हॉरर :
स्ट्रीट ऑफ द फर्स्ट शेल वाईट नाहीये हं, पॅरिसच्या वेढ्यातली.

मध्यरात्रीचा_चहा :
ठीक, दमॉझेल आज रात्री. आणि हळदीकुंकू ताई, परवा माझ्या चुलतभावाची हळद आहे, तो अंगभर पिवळा होऊन पाटावर बसणार आणि मी समोर उभा राहून काय विचार करणार ते तुम्हाला चांगलंच माहितीये.