येऊरच्या अंगाईतले ‘मुठे’ म्हणजे काय?

घोडबंदरकर: ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यावरच्या एका वारली आजींची अंगाई मोबाइलवर घेतली आहे. वाचनालयात मुलांना अर्थासकट ऐकवायची आहे. कळलं ते एवढंच: बाळ झोळीत, ‘आयस’ ‘आवनी’ला गेलेली, येताना ‘मुठे’ आणणार, मग वाघ. मुठे म्हणजे मूठभर खाऊ ना? आणि वाघाचं कडवं लहानग्यांपुढे गाळावं का?

खाचरातला: खाऊ नव्हे, खेकडे! पावसाचं पाणी खाचरात शिरलं की बांधाच्या बिळांतून मुठे बाहेर पडतात. बाई चिखलातून परतताना कालवणापुरते धरून आणते. मात्र कान इथेच फसतो. राबातली, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेतली, रोपं उपटून बांधलेल्या जुडीलाही बऱ्याच ठिकाणी ‘मूठ’च म्हणतात. म्हणून शेजारचं क्रियापद ऐका. ‘धरणं’ असेल तर खेकडे, ‘बांधणं’ किंवा ‘लावणं’ असेल तर रोपं.

‘आवनी’ म्हणजे आवणी, भाताची लावणी. वारली बोलण्यात ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो, तेव्हा ‘झोली’, ‘बाल’ ऐकू आलं तर बिचकू नका. राबातलं रोप साधारण 21 ते 25 दिवसांचं झालं की आवणी, म्हणजे गाणं बहुधा जुलैतलं.

आणखी एक. ‘आयस’ म्हणजे आई. ‘आयस गेली’ असं ती स्वतः कशाला म्हणेल? झोका देणारी आजी नाहीतर थोरली बहीण असणार. मुलांना अर्थ सांगताना तिथून सुरुवात करा.

वाशिंदकर: वाघ गाळू नका. वारल्यांचा वाघ हा देव आहे, वाघोबा. शेंदूर लावलेली त्याची ठाणी जंगलाच्या कडेला दिसतात, वाघबारशीला त्याची पूजा होते. त्याला थेट बागुलबुवा करून टाकलं तर अर्थच उलटतो. गाण्यात त्याला ‘जा’ म्हटलंय की राखणीला बोलावलंय, ते आधी तपासा.

टेपवाली: आधी झोका देत पूर्ण गाऊ द्या. नुसतं बसवून गायला लावलं तर लय तुटते, कारण ओळ झोक्याच्या येण्याजाण्यावर बेतलेली असते. मग तेच शब्द ओळीओळीने सावकाश बोलून घ्या. ‘शुद्ध मराठीत सांगा’ असं चुकूनही म्हणू नका. त्या ‘आवणी’ऐवजी ‘लावणी’ म्हणतील आणि ठाण्यातल्या मुलांना घुंगरं ऐकू येतील. उतरवताना त्यांचा उच्चार एका रकान्यात, अर्थ दुसऱ्यात. वाचनालयात ऐकवायला त्यांची परवानगी घेतलीत ना? नसेल तर आधी ती.

घोडबंदरकर: परवानगी आहे. पुन्हा ऐकलं, ‘धरून’ स्पष्ट आहे, म्हणजे खेकडेच. पण ‘वाघा’नंतरचा शब्द दोरीच्या करकरीत बुडालाय.

टेपवाली: मग तेवढ्या ओळीसाठी परत जा. मोबाइल दोरी बांधलेल्या वाशापासून लांब, आजींच्या तोंडाजवळ धरा. आणि सध्या आवणी चालू असेल तर संध्याकाळी जा, दिवसा घरात कुणी सापडायचं नाही.