मदत हवी आहे : ब्लॅकआउटमधला नेपथ्यबदल आणि क्यू

नमस्कार मंडळी. मी फोंड्यात अकरावीला आहे आणि आमच्या एकांकिकेची स्टेज मॅनेजर. प्रयोग राजीव गांधी कलामंदिरात, तालमी मात्र वर्गातली बाकं सरकवून चालल्यात.

अडचण अशी, की घर हलवून देवळाचा मंडप उभा करायचा, तोही ब्लॅकआउटमध्ये. अंधार लांबला की प्रेक्षक सुटतो, असं सर म्हणतात आणि मला ते पटतं. जमिनीवर खुणेच्या पट्ट्या लावल्यात, पण काळोखात त्या दिसतच नाहीत. अंधारात चमकणारी टेप पणजीत किंवा मडगावात कुठे मिळेल?

दुसरं, लाइट्स सांभाळणारा मुलगा प्रेक्षागृहाच्या मागे आणि मी विंगेत. वॉकीटॉकी नाही, मोबाइल वापरायची भीती वाटते. संहितेत प्रत्येक क्यू, म्हणजे दिवे कधी बदलायचे त्याचा इशारा, पेन्सिलीने लिहिलाय, आधी 'तयार', मग 'जा'. ते त्याच्यापर्यंत पोचवू कसे?

जत्रेला देवळापुढे नाटक करणारी मंडळी हे कमी साधनांत निभावतात, म्हणून त्या दादा-ताईंना खास विचारतेय. नेपथ्य उचलणारी मुलंच पुढच्या प्रवेशात नट आहेत, तेवढं लक्षात घेऊन सांगा.