मदत हवी आहे: एबीएचे शोधनिबंध आणि मुलाच्या फाईलमधले ग्राफ वाचायचे कसे?

नमस्कार मंडळी,

मुलगा सव्वाचार वर्षांचा, गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. सध्या आठवड्याला सहा तास एबीए, म्हणजे ॲप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस (छोट्या छोट्या पायऱ्यांनी, शाबासकी देत वागणं-बोलणं शिकवायची पद्धत), चालू आहे. आता सेंटरच्या मॅडम म्हणतात चाळीस तास करा, "४७ टक्के मुलं नॉर्मल होतात, रिसर्च आहे." खर्च आमच्या घराच्या हप्त्याच्या वर जातो.

मी बँकेत ऑडिटला आहे. आकडा दिसला की व्हाउचर मागायची खोड. म्हणून मूळ निबंध वाचला. लोवास, १९८७. ४७ टक्के म्हणजे १९ पैकी ९ मुलं. तुलनेच्या दोन गटांत मिळून ४० मुलं होती, त्यातलं एकच तिथवर पोचलं. फरक मोठाच आहे. पण कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नाही, शिकवायला माणसं होती की नाही यावर ठरलं. आणि यशस्वी कुणाला म्हटलंय, तर बुद्ध्यांक सर्वसाधारण आणि पहिली इयत्ता नेहमीच्या वर्गात पास. शिवाय जोरात "नाही" ओरडणं आणि कधीमधी मांडीवर चापट, हासुद्धा त्या उपचाराचाच भाग होता. हे मॅडमनी सांगितलं नव्हतं.

पुढे २००० साली स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २८ मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून केले. फायदा दिसला, पण बराच कमी, आणि रोजच्या व्यवहारातल्या वागण्यात दोन गटांत फरक नाही. कॉक्रेन, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिचा २०१८चा आढावा ५ अभ्यासांचा, २१९ मुलं. त्यातही चिठ्ठ्या टाकलेला अभ्यास हा एकच. पुरावा कमकुवत आहे असं तेच लिहितात.

इथपर्यंत कळलं. अडलंय पुढे. बाकीचे ढीगभर निबंध तीन-चार मुलांचे, नुसते ग्राफ. एवढ्याशा मुलांवरून काही सिद्ध होतं का?

आणि आमचीच फाईल बघा. "पाणी मागणे": जूनमध्ये २० टक्के, सप्टेंबरमध्ये ८५. रेघ कशी सरळ वर. घरी मात्र तो माठासमोर उभा राहतो आणि माझं मनगट धरून ओढतो. तोंडातून शब्द नाही. सेंटरमध्ये ग्लासचं कार्ड दाखवलं की "पाणी" म्हणतो, ते मी काचेतून पाहिलंय. मग ८५ टक्के कशाचे?

कुणी या क्षेत्रातलं असेल तर सांगा. "मनाला पटेल ते करा" असं कृपया नको, मनाला रोज वेगळं पटतंय.

प्रतिसाद, टेकडीवरची:
ताई, मी विशेष शिक्षिका आहे, एबीए वापरतेही. मुलं कमी असणं हा आपोआप दोष नाही. तिथे मुलाची तुलना त्याच्याशीच करतात. मात्र शिकवण्याआधीचे काही बिंदू हवेत, आणि ते आधीच वर चढत नसावेत. शिकलेला शब्द परत विसरायला लावता येत नाही, म्हणून तीन कौशल्यं वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू करतात. ज्याची पाळी आली तीच रेघ उचलली तर शिकवण्याचा परिणाम मानायचा. तिन्ही एकदम चढल्या तर मूल नुसतं मोठं होत असेल. नोंद दुसऱ्या माणसानेही स्वतंत्रपणे केलेली हवी; दोघांचं किमान ८० टक्के जुळावं असा संकेत आहे.

तुमच्या माठाबद्दल: १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिस्ले यांनी या शास्त्राच्या सात कसोट्या लिहिल्या. त्यातली एक हीच, शिकलेलं दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांसमोर टिकतं का. म्हणजे तुमची तक्रार एबीएच्याच पुस्तकातली आहे. बिनधास्त विचारा. ते ८५ टक्के कार्ड ओळखण्याचे आहेत.

प्रतिसाद, खडूस_काका:
लेखक कोण तेही बघत जा. २०२१ साली बोटेमा-ब्यूटल आणि क्राउली यांनी एबीएच्या निबंधांचे लेखक तपासले. ८४ टक्के निबंधांत निदान एक लेखक हीच सेवा देऊन किंवा शिकवून कमावणारा, आणि तसं कबूल केलेलं २ टक्क्यांत. पण उलट बाजूचंही सगळं गिळू नका. एबीएमुळे मानसिक आघाताची लक्षणं दिसतात असा २०१८चा एक निबंध फिरतो, तो ऑनलाइन प्रश्नावलीवर उभा आहे आणि तिच्या प्रश्नांवरही आक्षेप आहेत.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. आज विचारलं. जूनआधीची नोंद नाही. दुसरं कुणी नोंद करतं का विचारल्यावर "पालक असं विचारत नाहीत हो" म्हणाल्या, पण पुढच्या आठवड्यापासून कार्डाऐवजी खरा ग्लास आणि खरी तहान घेऊन करू म्हणाल्या. चाळीस तासांना तूर्त नाही सांगितलंय. माठाशेजारी कालनिर्णय टांगलंय, सुतळीला पेन बांधून. सासूबाई आणि मी वेगवेगळ्या रंगात खुणा करतोय. आजच्या चौकटीत माझ्या चार ओढाओढी, त्यांच्या तीन. एक कुणाची सुटली त्यावरून वाद चालू आहे.