तोल भेटीच्या आधीचा

१९३० साली अमूर्त चित्रकार मोंद्रियानच्या पॅरिसमधील स्टुडिओला दिलेल्या भेटीतून अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरची हलती शिल्पे (तार आणि पत्र्याची, बहुधा टांगलेली) जन्मली, असे एक मत आहे. अमूर्त आकारांपुरते ते मला मान्य आहे; पण तोल साधण्याची विद्या काही त्या भेटीत मिळालेली नव्हती. १९१९ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेला काल्डर १९२६ पासूनच पक्कड आणि तार घेऊन नर्तकी जोसेफिन बेकरची आकृती आणि आपल्या छोट्या सर्कशीतले कसरतपटू घडवत होता. सुरुवातीची काही हलती शिल्पे तर त्याने मोटरवर चालवली, आणि फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने १९३१ साली त्यांना ‘मोबाइल’ हे नाव दिले (आज हा शब्द उच्चारला की लोक खिशात हात घालतात, तो भाग वेगळा).

या मतात न आलेला मुद्दा जुळणीच्या क्रमाचा आहे. टांगते शिल्प वरून खाली नव्हे, तर सर्वांत खालच्या तारेपासून वर जुळवत न्यावे लागते. तारेचे वजन सोडले, तर ४० ग्रॅमचा पत्रा टांगणीच्या बिंदूपासून एका बाजूला ५ सेंटिमीटरवर असताना १० ग्रॅमची पत्र्याची पाकळी दुसऱ्या बाजूला २० सेंटिमीटरवर ठेवल्यास तोल साधतो, आणि ही जोडी वरच्या तारेसाठी ५० ग्रॅमचे एकच वजन ठरते. मी स्वतः कपड्यांच्या हँगरची तार वापरून वरून सुरुवात केली होती. प्रत्येक नव्या पाकळीसरशी आधीच्या सगळ्या कड्या सरकवाव्या लागल्या.