मदत हवी आहे: उलटा हत्ती, मुठीतला वजीर आणि लेकीनं जिंकलेला चषक

नमस्कार मंडळी,

बुद्धिबळाचे नियम पक्के माहीत असणाऱ्यांची आणि मुलांना खेळ शिकवणाऱ्यांची मदत हवी आहे. स्पर्धा गावातली, छोटीशी, पण त्यावरून लेक धड जेवत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. दिव्या देशमुखनं २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांना बुद्धिबळाचं वेड लागलंय. पडव्यांमधले पत्ते गेले, पट आले. गणपतीला चाकरमानी गावी आले की भजनं, जाखडी, आरत्या हे नेहमीचंच. या वेळी एका मंडळानं गौरी गेल्यावर मुलांसाठी बुद्धिबळाची स्पर्धाही ठेवली. पंधरा मिनिटांचे डाव, खरी घड्याळं, बाहेरून बोलावलेले पंच. आमच्या भागात हे नवीनच, त्यामुळे देवळाचा सभामंडप भरला होता.

अंतिम डावात लेकीसमोर तिच्याच वर्गातला, शेजारच्या वाडीतला मुलगा होता. दोघं रोज एकाच एसटीनं शाळेत जातात. तो आजोबांकडून खेळ शिकला. त्यांच्या घरच्या संचातला काळा वजीर कधीच हरवलाय, त्यामुळे प्यादं पार गेलं, म्हणजे पटाच्या शेवटच्या रांगेत पोचून त्याचा वजीर करायची वेळ आली, की वजिराच्या जागी उलटा हत्ती ठेवायचा हेच त्याच्या हाताला वळण. खरं सांगायचं तर आमच्याकडे बहुतेक घरांत असंच चालतं.

डाव शेवटाला आला तेव्हा लेकीकडे एक हत्ती आणि दोन प्यादी, त्याच्याकडे नुसती दोन प्यादी, पण त्यातलं एक अगदी दारात. त्यानं ते शेवटच्या घरात ढकललं आणि वजिरासाठी टेबलावर नजर फिरवली. दिसला नाही. मारलेला हत्ती बाजूला पडला होता, तो उचलून उलटा ठेवला, "वजीर" म्हणाला आणि घड्याळ दाबलं. लेकीनं राजा एक घर हलवला. मग त्यानं तो उलटा हत्ती तिरका नेऊन शह दिला, घड्याळ दाबलं, आणि मागे उभे असलेले पंच पुढे झाले. "हत्ती तिरका जात नाही." लेकीला दोन मिनिटं वाढवून दिली, त्याची चाल मागे घेऊन हत्तीचीच सरळ चाल करायला लावली. त्यानंतर त्याचं लक्षच उडालं. लेकीचं प्यादं पार गेलं आणि डाव संपला.

त्याचा वजीर होता कुठे? लेकीच्या डाव्या मुठीत. विचार करताना मारलेली सोंगटी तळहातात फिरवत बसायची तिची जुनी सवय आहे, घरीही तेच करते. निकालाच्या कागदावर सही करताना कागद धरायला तिनं मूठ उघडली आणि वजीर टेबलावर पडून घरंगळत त्या मुलापुढे गेला. सगळ्या मंडपानं पाहिला.

तिथून सुरू झालं. दुकानात, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर एकच चर्चा: मुलीनं वजीर मुद्दाम दडवला. माझी लेक लबाड नाही. तिला स्वतःलाही तो वजीरच झालाय असं वाटत होतं, पंचांचं बोलणं ऐकून ती त्या मुलाइतकीच दचकली, हे मी समोर बसून पाहिलंय. तो मुलगा आता एसटीत मागच्या बाकावर जाऊन बसतो. लेकीनं चषक टीव्हीजवळून काढून कपाटात ठेवलाय आणि रोज विचारते, "आई गो, परत देऊन येऊ?"

सगळ्यात शांत आहेत ते त्या मुलाचे आजोबा. ते म्हणाले, "आमच्या वेळी प्यादं ज्या घरात पोचेल त्या घराचा मोहरा व्हायचा. हे पोचलं घोड्याच्या घरात, म्हणजे तेव्हा घोडाच मिळाला असता." त्यांच्या या बोलण्यामुळे निदान दोन घरांत वितुष्ट आलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. पंचांचा निर्णय नियमाला धरून होता का? वजीर हातात असताना तो समोरच्याला देणं लेकीवर बंधनकारक होतं का? आणि चषक परत करायला निघालेल्या मुलीला आईनं काय सांगावं? तिसऱ्याचं उत्तर नियमांच्या पुस्तकात नसणार, म्हणून तर इथे विचारतेय.

प्रतिसाद १

ताई, मी जिल्ह्यातल्या स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतो. पहिल्या दोन प्रश्नांपुरतं सांगतो.

निर्णय बरोबर आहे. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या नियमानुसार नवा मोहरा बढतीच्या घराला (प्यादं जिथे पार जातं त्या घराला) टेकला की निवड पक्की झाली. तोंडानं काय म्हटलं याला किंमत नाही. हत्ती सुलटा ठेवा, उलटा ठेवा, तो हत्तीच. याच नियमांत खेळाडूची सोयही आहे: हवा तो मोहरा टेबलावर नसेल तर घड्याळ थांबवायचं आणि पंचांकडे मागायचा. घड्याळ थांबवायची मुभा फार थोड्या कारणांसाठी आहे, त्यातलं हे एक आणि अगदी स्पष्ट लिहिलेलं. गावातल्या मुलांना नेमकं हेच कुणी सांगत नाही. घड्याळाला हात लावला तर पंच ओरडतील अशी त्यांना धास्ती असते.

आणखी एक ऐका, म्हणजे त्या मुलाचं नशीब किती थोडक्यात हुकलं ते कळेल. त्यानं काहीच न बदलता प्यादं तसंच शेवटच्या घरात ठेवून घड्याळ दाबलं असतं, तर ती चाल बेकायदेशीर ठरून तुमच्या मुलीला दोन मिनिटं मिळाली असती, पण पंचांनी त्या प्याद्याचा वजीरच करून दिला असता. नियमच तसा आहे.

मग उलट्या हत्तीला वजीर का मानत नाहीत? कारण कुणाला खरोखर हत्तीच हवा असू शकतो. १८९५ सालची साव्हेद्रा यांची डावाच्या शेवटाची कोड्यासारखी रचना बघा. ग्लासगोत राहणाऱ्या या स्पॅनिश धर्मगुरूंनी दाखवलं की तिथे पांढऱ्यानं वजीर केला तर काळा आपला हत्ती बळी देऊन स्टेलमेट साधतो, म्हणजे शह नसताना त्याला एकही चाल उरत नाही, आणि डाव बरोबरीत जातो. हत्ती केला तरच पांढरा जिंकतो. पटावर जे ठेवलंय तेच धरायचं, खेळाडूच्या मनातलं पंचांनी ओळखायचं नाही, हे यामागचं कारण.

तुमच्या लेकीला हेही सांगा की असा प्रसंग मोठमोठ्यांवर आलाय. २०१७ च्या कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेतेपदासाठीच्या झटपट डावात निकोलाय नोरित्सिननं असाच उलटा हत्ती ठेवला आणि तो हत्तीच ठरला. त्याचा वजीर समोरच्या बातोर साम्बुएवच्या हातात होता. अपील फेटाळलं गेलं, साम्बुएव विजेता ठरला. जगभर वाद झाला.

मारलेला मोहरा प्रतिस्पर्ध्याला काढून देण्याचं बंधन नियमांत नाही. तुमच्या मुलीचं नियमानं काहीच चुकलेलं नाही.

प्रतिसाद २

नियम झाले, खिलाडूपणाचं काय? जिंकणारीला वजीर झाला हे माहीत होतं ना? मग "असू दे वजीर" म्हणायला हवं होतं. चषक परत करावा असं माझं स्पष्ट मत.

प्रतिसाद १ (पुन्हा)

म्हणून उपयोग नव्हता. पंचांनी दिलेला निर्णय खेळाडू बदलू शकत नाही. ती फार तर बरोबरी देऊ करू शकली असती. पंधरा मिनिटांच्या डावात, शे-दीडशे लोक बघत असताना, शाळकरी मुलीला हे सुचायला हवं होतं अशी अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते.

प्रतिसाद ३

मी मालवणला शाळेत शिकवते आणि सुट्टीत मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग घेते. ताई, चषक परत देऊ नका, असं कळकळीनं सांगते. तो नेऊन दिलात तर त्या मुलाला वाटेल, गावानं बोलबोल बोलून मिळवून दिला. तो स्वतःच्या जिवावर अंतिम डावापर्यंत आलाय, त्याला कुणाच्या दयेचा चषक कशाला? शिवाय तुमच्या मुलीनं तो परत केला की गिरणीतल्या बायकांचा संशय खरा ठरल्यासारखं होईल. आयुष्यभर ऐकून घेईल.

पण तिची बेचैनी खोटी नाही, ती दाबूही नका. "तू नियमानं जिंकलीस, विषय संपला" असं म्हणालात तर ती पुढच्या वेळी तुमच्याकडे येणार नाही. तिला त्या मुलाशी बोलू दे, मोठ्यांना मध्ये न घेता. "वजीर माझ्या हातात होता, मला भान नव्हतं" एवढं वाक्य पुरे. आणि जमलं तर त्याच स्थितीपासून, वजीर ठेवून, दोघांना पुढे खेळू दे. पंच नाही, घड्याळ नाही. माझ्या वर्गात वाद झाला की मी हेच करते. मुलं दहा मिनिटांत कोण जिंकलं ते विसरून, वजीर कसा अडवता आला असता यावर भांडायला लागतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्यादं तसंच ठेवलं असतं तर वजीर मिळाला असता, हे लेकीला वाचून दाखवलं तर ती उठूनच बसली. म्हणाली, "हे त्याला माहीतच नसणार, मला सांगायला हवं." काल एसटीत ती स्वतःहून मागच्या बाकावर गेली. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पण शनिवारी पट घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे आणि डावाची शेवटची स्थिती तिनं वहीत आठवून काढून ठेवलीय. चषक परत द्यायचा नाही हे मालवणच्या ताईंचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांनाही सांगते, तुमचा राग मला समजतो. पण खिलाडूपणा खेळाडूंकडून मागण्याआधी मांडणी करणाऱ्यांकडून मागायला हवा. टेबलावर जादा वजीर ठेवला असता तर दोन मुलांवर ही वेळच आली नसती.

म्हणून मंडळाला भेटणार आहे. पुढच्या वर्षीच्या पत्रकात काय काय लिहून घ्यावं? मारलेल्या सोंगट्या हातात धरू नयेत असं आपण स्वतः छापू शकतो का?

प्रतिसाद १

छापा, आणि डाव सुरू व्हायच्या आधी मराठीत मोठ्यानं वाचूनही दाखवा: मारलेले मोहरे पटाशेजारी, दोघांना दिसतील असे ठेवायचे. वजीर सापडला नाही तर घड्याळ थांबवून हात वर करायचा. असं केलं तर कुणी रागावत नाही, हेही सांगा. संच घेताना चौतीस सोंगट्यांचा मागा, त्यात दोन्ही रंगांचा एकेक वजीर जादा येतो. जुने संच असतील तर पंचांच्या टेबलावर दोन-चार सुटे वजीर ठेवले तरी भागतं. आणि अंतिम डावाला दोन्ही जादा वजीर आधीपासूनच टेबलाच्या कडेला मांडून ठेवा.